रात्रपाळ्या सांभाळून परिचारिकेने नोंदणी-नूतनीकरणासाठी लागणारे निरंतर शिक्षणाचे १५० तास थकून न जाता कसे पूर्ण करावेत?

हे तास पाचव्या वर्षासाठी साठवून न ठेवता पहिल्या वर्षापासून थोडेथोडे पूर्ण करावेत आणि रात्रपाळी संपलेल्या दिवशी कोणतेही प्रशिक्षण घेऊ नये. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार नोंदणी-नूतनीकरणासाठी ५ वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण अपेक्षित आहे; म्हणजे वर्षाला ३० तास, महिन्याला जेमतेम अडीच. एवढे कुणालाही जमते. जमत नाही ते शेवटच्या वर्षातली धावपळ, जिथे सकाळी आठला हँडओव्हर देऊन नऊच्या कार्यशाळेत डोळे ताणत बसावे लागते आणि हाती प्रमाणपत्राखेरीज काही लागत नाही. आपण ज्या वॉर्डात काम करतो त्याच्याशी संबंधित विषय निवडावा: अतिदक्षता विभागातील परिचारिकेने व्हेंटिलेटरचे अलार्म किंवा इन्फ्युजन पंपावरील मात्रेचे गणित शिकले, तर ते दुसऱ्याच पाळीत उपयोगी पडते आणि शिकणे ओझे वाटत नाही. नाव नोंदवण्यापूर्वी त्या कार्यक्रमाचे तास राज्य परिचर्या परिषद ग्राह्य धरते का, हे अवश्य विचारावे (स्वस्त ऑनलाइन प्रमाणपत्रांबाबत तर आधी हेच). मात्र जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला (कामामुळे पुरते थकून जाण्याला) आजार न मानता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम मानते. त्यामुळे वॉर्डात मनुष्यबळच अपुरे असेल, तर अभ्यासाचे वेळापत्रक कितीही नेटके असले तरी थकवा हटणार नाही आणि पाळ्यांत बदल करण्याची मागणी मेट्रनकडे (मुख्य परिचारिकेकडे) लेखीच करावी लागेल.