परवानगीच्या मागं लागू नका, आधी वैजनाथ करा

दर रविवारी चार-पाच जणांनी बेळगावजवळच्या खानापूरच्या रानात चालायला जायचं ठरवलंत आणि जांबोटीच्या पुढं वनखात्याच्या गेटवरूनच परत फिरावं लागलं, असं तुम्ही लिहिलंय. 'शहरातल्या ऑफिसातून लेटर आणा' हे वाक्य वाचलं आणि जुनं सगळं उसळून वर आलं बघा. पाणी, बूट वगैरे तुम्हाला सांगत बसत नाही.

आमचा अख्खा सीझन एका ऑफिसानं खाल्लाय. नाव घेत नाही. मराठीतला अर्ज चालत नाही म्हणाले. बरं, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून कन्नडमध्ये टाईप करून आणला. मग साहेब मीटिंगला. मग साहेबांची बदली. नवीन साहेबांनी नकाशा टेबलावर पसरायला लावला, पेनाच्या टोपणानं आमची वाट धरत धरत सीमेच्या रेघेपर्यंत आले आणि म्हणाले, 'इथून पुढं आमचं नाही. तिकडचं आणा.' तिकडं गेलो तर 'सुरुवात कर्नाटकातून हाय न्हवं? मग त्यांचं आधी आणा.' तोवर दिवाळी आली. हातात काय राहिलं, तर आवकचा जांभळा शिक्का मारलेली एक कॉपी, त्यावरची तारीखसुद्धा नीट उठलेली नाही.

खरं, परवानगीचा नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. त्याच रानातल्या भीमगडला 2011 मध्ये अभयारण्य केलं ते बरंच झालं. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ आहे, जगाला पहिल्यांदा ते ठाऊक झालं इथूनच. अस्वलं आहेत, गवे आहेत. अशा ठिकाणी दर आठवड्याला माणसांनी जावंच कशाला? वर्षातून एकदा रीतसर परवानगी काढा, वनखात्याचा माणूस बरोबर घ्या आणि जाऊन या. राग आहे तो हेलपाटे मारायला लावणाऱ्यांवर.

दर रविवारसाठी गावाच्या वाटा पुरतात. शिनोळीवरून देवरवाडी, वैजनाथाचं देऊळ, तिथून वर महिपाळगड. किल्ल्यातच गाव आहे, त्यामुळं वाट विचारायला माणूस मिळतो. हलशीला भूवराह नरसिंहाचं देऊळ बघायला सबंध दिवस ठेवा. गोव्याच्या कदंबांची ती दुसरी राजधानी, तासाभरात उरकायची जागा नव्हे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. पाऊस ओसरला की त्या बाजूच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळावर, खाली बसून बघा, 'सीतेची आसवं' नावाची निळी फुलं उभ्यानं दिसतच नाहीत. राजहंसगड मात्र उजाडतानाच करावा. 2023 मध्ये महाराजांचा पुतळा बसल्यापासून रविवारी तिथं जत्रा असते. हे आपलं माझं मत, कुणाला गर्दी आवडतही असेल.

मी काही कायद्याचा माणूस नाही, नियमही बदलत असतात. त्यामुळं कुठंही शिरण्याआधी तिथल्या गार्डला विचारा. खानापूर भागात बोलायला मराठी सगळीकडं चालते. करवंदं पिकली की जाळ्यांत अस्वल असू शकतं, तेव्हा मोठ्यानं बोलत चाला. घरी आल्यावर गोचीड बघायला विसरू नका. लगतच्या सत्तरी-दोडामार्गात गोचिडीतून होणाऱ्या माकडतापाचे पेशंट निघालेत, हसण्यावारी नेऊ नका.

आणि वैजनाथला जाणार असाल तर चहा-नाष्टा खालीच उरका. वर काही मिळेल याचा भरवसा नाही.