तोफखान्याचा अभ्यास सुरू करतोयस? आधी एवढंच बघ

मस्त विषय निवडलास रे, पण सुरुवातीलाच पन्नास तोफांची नावं पाठ करत बसू नकोस, बरेच जण तिथेच कंटाळून सोडतात. आधी आकडे समजून घे. १५५ मिमी म्हणजे नळीचा आतला व्यास, आणि पुढे ३९ किंवा ५२ कॅलिबर लिहिलेलं असतं ती नळीची लांबी, व्यासाच्या तितक्या पट, म्हणजे ५२ ची नळी साधारण ८ मीटर. नळी लांब तसा गोळ्याला वेग जास्त नि पल्लाही जास्त, हे डोक्यात बसलं की आपल्या लष्करातल्या तोफांमधला बोफोर्स ३९, धनुष ४५, के-९ वज्र ५२ हा फरक आपोआप कळतो.

नवीन लोकांच्या नेहमीच्या चुका:
- नुसता पल्ला बघणं. गोळा बदलला की पल्ला बदलतो, त्यामुळे कुठला गोळा ते आधी विचार.
- सेल्फ प्रोपेल्ड (स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या) तोफेला रणगाडा म्हणणं. रणगाडा समोर दिसेल त्याला मारतो, तोफ बहुतेकदा डोंगरापलीकडचं न दिसणारं लक्ष्य मारते, आणि म्हणूनच पुढे बसून लक्ष्य बघणारा आणि गोळे कुठे टाकायचे ते तोफेला कळवणारा निरीक्षक मला तोफेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, त्याच्याबद्दल भरपूर वाच.
- यूएन शांतिसेनेत गेलेली तुकडी लढाईला गेली असं धरणं. तिथे बळाचा वापर मुख्यतः स्वसंरक्षण आणि मॅन्डेटच्या (यूएनने नेमून दिलेल्या कामाच्या) रक्षणापुरता.

जीपीएस गाईडेड गोळे, शत्रूची तोफ शोधणारी रडार वगैरे नंतर बघू, अडलं की बिनधास्त विचार.