कोल्हापुरातल्या घर-शेतीचं वडिलांनी मृत्युपत्र केलं, तर आम्हा भावंडांना प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घ्यावं लागेल का?

नाही, घर-शेती कोल्हापूर जिल्ह्यातच असेल आणि मृत्युपत्रही इथंच केलं असेल, तर हिंदू कुटुंबाला प्रोबेटची सक्ती नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने हिंदूंसाठी ती सक्ती जुना बंगाल प्रांत आणि मुंबई व चेन्नई उच्च न्यायालयांची मूळ दिवाणी हद्द, म्हणजे ढोबळमानाने ती शहरं, एवढ्यापुरती ठेवली होती. कोल्हापूर त्यात कधीच नव्हतं.

पण कागद भक्कम हवा. वडिलांची सही दोन साक्षीदारांसमोर, आणि त्या दोघांच्याही सह्या. साक्षीदार वडिलांहून तरुण आणि मिळकतीत काही न मिळणारे घ्या, कारण उद्या वाद कोर्टात गेला तर त्यांच्यापैकी एकाला तरी साक्ष द्यावी लागते. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी दुय्यम निबंधकाकडे कराच. गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र हे सगळं ताजा सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड समोर ठेवून उतरवा. एक आकडा चुकला की वारसांचा फेरफार अडतो आणि तलाठ्याकडे खेटे सुरू होतात. बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून ठेवी वगळू नका. नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचाच राहतो.

एक मात्र तपासा: शेती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर वडील फक्त स्वतःच्या हिश्शाचंच मृत्युपत्र करू शकतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर अशा जमिनीत लग्न झालेल्या बहिणीचाही भावाइतकाच हक्क आहे, तेव्हा तो हिस्सा मृत्युपत्रात धरू नका.