वाचकांचे प्रश्न : एम.एस्सी. नर्सिंगच्या वर्गात शिकवते कोण?

प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंगनंतर गेली अडीच वर्षे मी बेळगावातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. मेडिकल-सर्जिकल नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करण्याचा विचार असून दोन महाविद्यालयांची माहितीपत्रके आणली आहेत. प्राध्यापकांच्या पदव्या दोन्हींकडे सारख्याच दिसतात. मात्र एकीकडे पीएच.डी. झालेले तिघे आहेत, दुसरीकडे एकच. घरचे म्हणतात, जिथे पीएच.डी. जास्त तिथे जा. ही यादी नेमकी कशी वाचावी?
— एक परिचारिका, खानापूर तालुका

उत्तर : घरच्यांचा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. यादी वाचताना नावामागच्या पदवीपेक्षा त्या पदवीचा विषय आधी पाहावा. नर्सिंग शिक्षणाचे देशपातळीवरील निकष ठरवणाऱ्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमानुसार एम.एस्सी.च्या 5 विशेष शाखा आहेत : मेडिकल-सर्जिकल, सामुदायिक आरोग्य, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, आणि मानसिक आरोग्य. त्यांतही मेडिकल-सर्जिकलचा पसारा इतका मोठा आहे की अतिदक्षता, हृदय व छाती, कर्करोग, मज्जासंस्था, मूत्रपिंडविकार, अस्थिरोग अशा उपशाखा तिच्या पोटात येतात. तीन पीएच.डी.धारकांपैकी दोघांचा विषय सामुदायिक आरोग्य आणि एकाचा मानसिक आरोग्य असेल, तर पहिल्या वर्षी नर्सिंग शिक्षण, संशोधन आणि संख्याशास्त्र या सर्वांना समान असलेल्या विषयांत त्यांचा आपल्याला निश्चित लाभ होईल; परंतु व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या परिचर्येवर प्रबंध लिहायला बसाल, तेव्हा त्या यादीतील एखादी साधी एम.एस्सी. झालेली, पण आयसीयूत वर्षे काढलेली सहायक प्राध्यापिकाच उपयोगी पडेल.

पीएच.डी. कोणत्या विद्याशाखेतील आहे, हेही विचारावे. नर्सिंगमधील पीएच.डी. आणि शिक्षणशास्त्रातील किंवा व्यवस्थापनातील पीएच.डी. यांच्यापुढे छापली जाणारी अक्षरे एकच असतात. शिक्षणशास्त्रात पीएच.डी. केलेला शिक्षक कमी प्रतीचा ठरत नाही; नर्सिंग शिक्षण हा विषय तो कदाचित इतरांपेक्षा चांगला शिकवील. आपल्या प्रबंधाचा मार्गदर्शक म्हणून त्याच्याकडे पाहायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे. आपल्या राज्यात ही चौकशी अवघड जाऊ नये, कारण इंडियन नर्सिंग कौन्सिलने नर्सिंगमधील पीएच.डी.साठी जो राष्ट्रीय उपक्रम चालवला, त्यात बेंगळुरूचे राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ सहभागी आहे आणि त्या वाटेने पीएच.डी. झालेले शिक्षक ते स्वतःहून सांगतात.

आता अनुभवाच्या आकड्यांकडे वळू. कौन्सिलच्या निकषांत प्राचार्यपदासाठी एम.एस्सी.सह 15 वर्षांचा अनुभव लागतो आणि त्यांपैकी 12 वर्षे अध्यापनाची असावी लागतात. प्राध्यापकासाठी हीच संख्या 10 आणि 7 अशी आहे, तर सहायक प्राध्यापकासाठी 3 वर्षे अध्यापन पुरते. वजाबाकी केली की ध्यानात येते : प्राचार्यांच्या 15 वर्षांत रुग्णाच्या खाटेजवळची वर्षे तीनही पुरतात. एम.एस्सी.ला प्रवेश घेण्यापूर्वी जो सेवेचा अनुभव हवा असतो, तोही बी.एस्सी.नंतर अवघा 1 वर्षाचा. म्हणजे निकषांना कुठेही धक्का न लावता, वॉर्डात एकच वर्ष राहिलेली व्यक्ती पदव्युत्तर वर्गाला अतिदक्षता परिचर्या शिकवू शकते. आणि ते एक वर्षही कधी कधी ओळखीच्या नर्सिंग होममधून आणलेल्या अनुभवाच्या दाखल्यापुरतेच असते, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. आपली आयसीयूतील अडीच वर्षे या हिशेबात लहान नाहीत, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

याचे मूळ व्यवस्थेत आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी महाविद्यालयातील शिक्षक आणि रुग्णालयातील परिचर्या सेवा यांच्या आस्थापना वेगवेगळ्या असतात. शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डात जातो, पण त्या वॉर्डाची जबाबदारी त्याच्यावर नसते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिक्षण आणि सेवा जोडलेली आहेत, म्हणून तेथील शिक्षिका वॉर्डाच्या कारभारातही असते. आपल्या भागात तशी अपेक्षा सरसकट धरता येणार नाही. तरी महाविद्यालयाला स्वतःचे रुग्णालय आहे का, आणि आपण ज्यांच्या हाताखाली शिकणार त्या आठवड्यातून किती दिवस वॉर्डात असतात, हे दोन प्रश्न प्रवेश समितीपुढे न संकोचता विचारावेत. त्याहून खरे उत्तर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींकडे मिळेल. यादीतील एखादे नाव त्यांनी वर्षभरात वर्गात पाहिलेलेच नसेल आणि ती व्यक्ती केवळ महाविद्यालयाच्या तपासणीच्या दिवशी अवतरत असेल, तर त्या सांगतील. माहितीपत्रक सांगणार नाही.

शेवटची बाब आपल्या सीमाभागाची आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. इथल्या नर्सिंग महाविद्यालयांत शिकवण्याचे माध्यम इंग्रजी, रुग्णांच्या बोलण्यात मराठी आणि कन्नड दोन्ही, आणि शिक्षकांत केरळहून आलेलेही पुष्कळ. त्यांच्या विषयज्ञानाबद्दल शंका नाही; मी स्वतः अशा सहकाऱ्यांकडून खूप शिकलो. परंतु प्रबंधाची प्रश्नावली मूळ इंग्रजीतून मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत न्यावी लागते, मग दुसऱ्या कोणाकडून पुन्हा इंग्रजीत आणून मूळ अर्थ टिकला का ते पडताळावे लागते, आणि या कामात मार्गदर्शकाचा कान तयार असावा लागतो. एक उदाहरण देतो. आपल्या मराठीतला ‘बेजार’ आणि कन्नडमधला ‘बेजारु’ हा मुळात एकच शब्द. मराठी बाई ‘बेजार झाले’ म्हणते, तेव्हा ती त्रासून, थकून गेलेली असते. कन्नड बाई तोच शब्द उच्चारते, तेव्हा तिला वाईट वाटत असते, मन दुखावलेले असते किंवा नुसता कंटाळाही आलेला असतो. नैराश्य मोजण्याच्या प्रश्नावलीत हा शब्द दोन्ही भाषांत तसाच ठेवला, तर दोन गटांचे गुण एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ उरत नाही, मग पुढची संख्याशास्त्रीय चाचणी कितीही अचूक असो. आपल्या एका विद्यार्थिनीने ‘औदासीन्य’ असा शब्द घालून जांबोटीकडच्या वाड्यांवर प्रश्न विचारले होते. बायकांनी माना डोलावल्या आणि ‘नाही’ असे उत्तर दिले. ‘कशात मन लागत नाही का?’ असे विचारल्यावर त्याच बायका बोलू लागल्या. मार्गदर्शकाने पूर्वी इथल्या भाषांत प्रश्नावलीसारखी साधने तयार करून घेतली आहेत का, याची चौकशी म्हणूनच करावी. ग्रंथालयात मागील वर्षांचे प्रबंध ठेवलेले असतात. दोन-तीन उघडून त्यांची परिशिष्टे पाहिली, तरी पुष्कळ कळते.

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात आहे. तिच्या विभागप्रमुख बाईंनी मुळात जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) डिप्लोमा केला आणि पुढे नोकरी करत पदव्या घेतल्या, असे समजले. थेट पदवीने आलेल्या शिक्षकांच्या तुलनेत ही पार्श्वभूमी कमी दर्जाची नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : नाही. उलट, सर, मी आपल्या मुलीचे अभिनंदन करीन. जी.एन.एम., मग रुग्णालयात नोकरी, मग डिप्लोमाधारकांसाठीची दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग एम.एस्सी. ही या व्यवसायातील जुनी आणि मान्य वाट आहे. प्रवेशाच्या नियमांतही पोस्ट बेसिक आणि थेट बी.एस्सी. यांना सारखेच 55 टक्के गुण लागतात. भारतात नर्सिंगची पदवी दिल्ली आणि वेल्लोर येथे 1946 मध्ये सुरू झाली आणि पदव्युत्तर शिक्षण दिल्लीत 1959 मध्ये. त्यानंतरही कितीतरी वर्षे पदवीच्या जागा मोजक्याच होत्या, त्यामुळे आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या शिक्षिकांच्या पिढीत डिप्लोमापासून सुरुवात केलेल्या अनेकजणी आहेत. आपल्या बाजूला मिरजेचे रुग्णालय 1894 पासूनचे, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभारलेले. तिथल्या नर्सिंग शाळेतून बाहेर पडलेली सिस्टर म्हटले की सीमेच्या अलीकडेही लोक निर्धास्त होत, ती डिप्लोमाचीच होती.

एक गोष्ट मात्र तपासण्यासारखी आहे. पदव्या नोकरी करत घेतल्या, म्हणजे त्या काळात बाई कुठे काम करत होत्या? वॉर्डात असतील, तर ती वर्षे मुलीच्या पदरात पडतील. कार्यालयात बसून असतील, तर डिप्लोमा की पदवी या वादाला तसाही अर्थ राहत नाही.

प्रश्न : बारा वर्षे मी सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात आहे. प्रसूती व स्त्रीरोग परिचर्येत एम.एस्सी. करून अध्यापनात यावे असे वाटते. हा अनुभव धरला जाईल का? पुढे कोल्हापुरात नोकरी मिळाल्यास काय करावे लागेल?
— एक परिचारिका, अथणी

उत्तर : प्रवेशासाठी धरला जाईल, पुढच्या पदांसाठी जवळजवळ नाही, कारण वरच्या पदांच्या निकषांत एम.एस्सी.नंतरची आणि मुख्यतः अध्यापनाची वर्षे मोजतात. ट्यूटर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर या अध्यापनातील पहिल्या पायरीच्या पदावरून सुरुवात करावी लागेल आणि बारा वर्षे धाकट्या असलेल्या व्यक्तीच्या हाताखाली काम करण्याची तयारी ठेवावी लागेल. हा निकष मला अन्यायाचा वाटतो. शेकडो बाळंतपणे हाताखालून गेलेल्या परिचारिकेला खांदा अडकलेले बाळ किंवा प्रसूतीनंतर न थांबणारा रक्तस्राव शिकवायला कोणत्याही पुस्तकाची वाट पाहावी लागत नाही, आणि अशाच व्यक्ती वर्गाबाहेर राहतात. तरीही यावे, असेच मी म्हणेन. मात्र प्रसूती कक्षातील नेमणुकीचे आदेश आणि सेवापुस्तकातील नोंदींच्या प्रती आताच काढून ठेवा. पुढे मुलाखतीत नुसते ‘स्टाफ नर्स, बारा वर्षे’ यापेक्षा ‘प्रसूती कक्ष, बारा वर्षे’ याला वजन येते.

कोल्हापूरला गेल्यास कर्नाटकातील नोंदणी तिथे चालणार नाही. कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडून ना-हरकत व पडताळणी घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. तिथून इकडे येणाऱ्यांनाही हेच उलट दिशेने करावे लागते. हे कागद वेळ खातात, म्हणून नेमणुकीचे पत्र हातात पडण्याची वाट न पाहता अर्ज करावा.