कॅप्टनच्या मनातलं लेखकाला कुठून कळलं?

प्रश्न : ताई, कॉलेजात टायटॅनिकवरचा एक मोठा लेख वाचायला दिलाय. सर म्हणतात हे नॉनफिक्शन, पण त्यात संवाद आहेत, प्रसंग आहेत, कादंबरीच वाटते. मग हे नेमकं वाचायचं कसं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, संवाद असले म्हणून लगेच कादंबरी होत नाही. वाचताना एकच विचारत जा, हे याला कळलं कुठून? एक नंबरची लाइफबोट ४० जणांची होती आणि ती १२ जणांना घेऊन खाली सोडली, हे लेखक बिनधास्त लिहू शकतो कारण त्या बोटीतले लोक वाचले आणि पुढे चौकशीत त्यांना त्यावरून खोदून खोदून विचारलं गेलं. पण 'कॅप्टन स्मिथला त्या क्षणी घर आठवलं' असं दिसलं की पेन्सिलने खूण कर. कॅप्टन जहाजाबरोबरच गेला ना, मग सांगितलं कोणी?

आता मला स्वतःला सगळ्यात जास्त चटका लावणारा भाग सांगते. १५ एप्रिल १९१२ ला पहाटे २.२० ला जहाज बुडालं. वाचलेल्यांपैकी काहीजण शपथेवर म्हणाले की आमच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन तुकडे झाले, सेकंड ऑफिसर लाइटोलर म्हणाला अख्खंच गेलं, आणि अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडच्या चौकशांनी अख्खंच धरलं. मग १९८५ मध्ये जवळपास ३८०० मीटर खोल तळाशी जहाज सापडलं तर दोन तुकडे, एकमेकांपासून साधारण ६०० मीटर लांब! म्हणजे तुटताना बघितलेल्या माणसांचं खरं होतं, आणि ७३ वर्षं ते अधिकृतपणे खोटं ठरलेलं. म्हणून लाइटोलर खोटारडा असं मात्र लिहू नकोस हं, चंद्र नव्हता, दिवे गेलेले, तो स्वतः गोठवणाऱ्या पाण्यातून निघून एका उलट्या बोटीवर जीव मुठीत धरून होता.

यातच तुझं उत्तर आहे बघ. १९८५ च्या आधी कोणी 'अख्खं बुडालं' लिहिलं असेल तर ती चूक, पण त्याने हातात होता तो पुरावा प्रामाणिकपणे वापरला, त्यामुळे ते नॉनफिक्शनच राहतं. कॅप्टनच्या मनातलं घर मात्र लेखकाने स्वतः रचलेलं, आणि 'कदाचित' न म्हणता रचलं तर ती वाचकाची फसवणूक आहे. तुझा लेख कोणत्या सालचा आहे ते आधी बघ, आणि मग जहाज बुडतानाचा परिच्छेद काढून तो कोणाच्या नजरेतून लिहिलाय ते शोध.