किनारा सपाट असतो, हा गैरसमज आधी काढून टाक

अलिबाग ते गोवा सायकलने जायचं ठरवलंस, छान. पण 'समुद्राकाठचा रस्ता' म्हणजे सपाट, असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाक. कोकणात प्रत्येक खाडीपाशी उतार आणि लगेच पलीकडे चढ. मुरुडला जाताना काशीदच्या आसपास चुणूक मिळेल, खरी परीक्षा दापोली-गुहागर पट्ट्यात. म्हणून दिवसाला ५०-६० किलोमीटरच धर. पुण्यात सपाटीवर शंभर मारतोस ते इथे मोजू नकोस!

सायकल नवी घेण्यापेक्षा मागचं मोठं दातेरी चाक बसवून घे, चढावर हलका गिअर लागतो. सामान पाठीवर नको, कॅरिअरवर बांध. पाठ घामाने भिजली की दुपारी जीव नकोसा होतो.

या वाटेची खरी मजा फेरीबोटींत आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. सायकल चढवायची, खारा वारा खात दहा-पंधरा मिनिटं बसायचं. वेळा मात्र आदल्या दिवशी गावात विचार. बोट चुकली की खाडीला वळसा म्हणजे अख्खा दिवस. माझा एकदा गेलाय, जेट्टीवर वडापाव खात.

डिसेंबर-जानेवारीत जा. उजाडताच निघ, अकरापर्यंत बरंचसं अंतर काप. मुक्काम घरगुती ठिकाणी कर, पण जेवण आधी सांगून ठेव, नाहीतर ऐनवेळी मासे मिळत नाहीत. रोज संध्याकाळी साखळी पुसून तेल घाल, रेती आणि खारी हवा तिला खाते. दोन जादा ट्यूब घे. आरे-वारेच्या चढावर थांबायला लाजू नकोस, तिथे सगळेच थांबतात, फोटोच्या नावाखाली.