मी काहीच सांगितलं नाही, तरी फोनला माझ्या सवयी कशा कळल्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : रात्री चार्जिंगला लावलेला फोन ८० टक्क्यांवर थांबतो आणि तुमच्या उठण्याच्या सुमारास पूर्ण भरतो. सकाळी गाडीत बसलात की न विचारता ऑफिसपर्यंतचा वेळ दाखवतो. ही माहिती तुम्ही कुठेच भरून दिलेली नाही, मग त्याला हे शिकवलं कुणी, आणि तो आपल्यावर पाळत ठेवतो का?

शिकवलं तुम्हीच. पाळतीबद्दल शेवटी बोलतो, कारण ते सगळ्या उपकरणांना सारखं लागू होत नाही.

आधी ते ८० टक्के. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास पडून राहिली की लवकर झिजते. म्हणून शेवटचे २० टक्के तुम्ही केबल काढायच्या जरा आधी भरायचे, अशी ही युक्ती आहे. आयफोनमध्ये ती २०१९ साली आयओएस १३ बरोबर आली. ॲपलच्या सांगण्यानुसार फोनला तुमची सवय कळायला किमान १४ दिवस लागतात, आणि त्या एका ठिकाणी प्रत्येकी ५ तास किंवा जास्त वेळ असं किमान ९ वेळा चार्जिंग झालेलं असावं लागतं. हे आकडे मुद्दाम दिले, कारण त्यातून फोनचा स्वभाव दिसतो. तुम्ही झोपता हे त्याला माहीतच नाही. त्याच्याकडे एक वही आहे : या जागी, या सुमाराला केबल लागते आणि अमुक वेळाने निघते. नोंदी पुरेशा झाल्या की तो पैज लावतो. परगावी गेलात तर तिथल्या नोंदी नसतात, मग तो बिचारा सरळ १०० टक्के भरून मोकळा होतो.

ऑफिसच्या रस्त्याचं तंत्रही तेच. जिथे बऱ्याच रात्री मुक्काम असतो ते घर, जिथे आठवड्याचे दिवस जातात ते कामाचं ठिकाण. कायम रात्रपाळी करणाऱ्याच्या बाबतीत हा हिशेब सपशेल उलटा पडू शकतो.

मला यापेक्षा मजेशीर वाटतो तो दुसरा प्रकार, जिथे उपकरण तुमच्या दुरुस्तीवरून शिकतं. अँड्रॉइड ९ मध्ये, २०१८ साली, पडद्याचा उजेड आपोआप ठरवणारी नवी पद्धत आली. आधीचे फोन फक्त खोलीतला प्रकाश मोजायचे. नवा फोन तुम्ही उजेडाची पट्टी कुठे सरकवता तेही बघतो. अंधारात तुम्ही दोन-चारदा पट्टी खाली ओढलीत की पुढच्या वेळी तो स्वतःच खाली आणतो. नेस्ट कंपनीचा थर्मोस्टॅट, म्हणजे घरातलं तापमान सांभाळणारं यंत्र, २०११ मध्ये आला तोही याच जातीचा. सुरुवातीला तुम्ही तबकडी फिरवायची, त्याने वेळ आणि तापमान टिपायचं, आणि पुढे तबकडीला हात लावायची गरज कमी कमी होत जायची.

आता यातली खोच बघा. तुम्ही पट्टी सरकवली *नाहीत*, तर? तेही उत्तरच धरलं जातं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातले संशोधक मायकेल मोझर यांनी १९९०च्या दशकात बोल्डर गावातलं आपलं राहतं घरच असं शिकतं केलं होतं. एके काळची शाळा होती ती. घरभर ७५च्या वर सेन्सर. दिवे, हीटर, गरम पाणी, सगळं घरच ठरवणार. घराला दोनच गोष्टी कमी ठेवायच्या होत्या : विजेचा खर्च आणि माणसाची गैरसोय. गैरसोय मोजायची कशी? माणसाने स्वतः उठून बटण दाबलं की झाली गैरसोय. त्यामुळे ते घर अधूनमधून दिवा थोडा मंद करून बघायचं. कुणी कुरकुर केली नाही तर तेवढी वीज वाचली! गंमत म्हणजे मोझर यांनीच पुढे लिहिलंय की उशिरापर्यंत काम करत बसलं की त्यांना अस्वस्थ व्हायला लागलं, कारण घर आपली वाट बघत असेल. कोण कुणाला शिकवत होतं देव जाणे.

आळसाने किंवा लक्ष नसल्याने आपण जे चालवून घेतो, त्याचीही नोंद पसंती म्हणून होते. माझी शिकवणी अशीच फुकट गेली. रोज संध्याकाळी ऑफिसातून निघताना बायकोला मेसेज करायचो : ‘निघालो गं’. काही महिन्यांत ‘निघालो’ लिहिलं की कीबोर्ड स्वतःहून ‘गं’ पुढे करायला लागला आणि मी सवयीने त्यावर टिचकी मारायचो. एका सकाळी मीटिंगला उशीर झाला. साहेबांना घाईत मेसेज गेला, ‘निघालो गं’. साहेबांचं उत्तर आलं, ‘ये गं’.

कीबोर्डला बायको कोण आणि साहेब कोण हे ठाऊक नव्हतं. या शब्दानंतर हा शब्द येतो, एवढंच. वर मी प्रत्येक टिचकीने त्याला शाबासकी देत होतो.

आता पाळत. शिकणं कुठे होतं, हा खरा मुद्दा. गूगलने २०१७ मध्ये आपल्या कीबोर्डसाठी एक पद्धत जाहीर केली : फोन चार्जिंगला लागलेला, वायफायवर आणि वापरात नसताना शिकणं फोनमध्येच उरकायचं, आणि कंपनीच्या सर्व्हरकडे तुमचं टायपिंग न पाठवता, शब्द सुचवण्याच्या हिशेबात त्यातून जे बदल सुचले तेवढेच पाठवायचे. हजारो फोनांचे बदल एकत्र करून सगळ्यांसाठीचा कीबोर्ड सुधारतो. माझ्या मते ही तडजोड बरी आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला टीव्ही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीचे १ कोटी १० लाख टीव्ही पडद्यावर काय चाललंय ते क्षणाक्षणाला ओळखून कंपनीला कळवत होते, आणि बघणाऱ्यांची धड परवानगीही घेतलेली नव्हती. २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. त्या शिकण्यातून तुमचा टीव्ही काही शहाणा होत नव्हता. माहिती दुसऱ्यांना विकली जात होती. म्हणून मी एवढंच बघतो की या शिकण्याचा फायदा मला दिसतो का. बॅटरी टिकते, तर राहू दे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘बघण्याची माहिती’ अशा नावाचं जे काही सापडलं, ते मी पहिल्याच दिवशी बंद केलं.

आणि चुकीचं शिकलेलं पुसता येतं. बऱ्याच कीबोर्डांत शिकलेले शब्द काढून टाकायची सोय असते, अगदी सगळी पाटी कोरी करायचीही. मी मात्र तो ‘गं’ पुसलेला नाही. संध्याकाळी तो बरोबर असतो. साहेबांना उशीर कळवायचा झाला तर आता मी सरळ फोन लावतो.